अण्णा नाईकांचें पुनरागमन



एकदां संपलेली गोष्ट पुन्हां चालू करावी कीं करूं नये, आणि केलीच तर तींतील माणसांना पूर्वींच्याच वाटेनें चालवावें कीं नवी वाट काढून द्यावी, हा वाद वरवर दिसतो तितका पोरकट नाहीं. रात्रींचीं जेवणें उरकून जी मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसतात आणि खेळ संपल्यावर निजण्याऐवजीं भांडत राहतात, त्यांना आपण काव्यशास्त्रांतील एका फार जुन्या प्रश्नाला हात घातला आहे याची कल्पना नसते, इतकेंच. आज त्या भांडणाचाच विचार करावयाचा आहे. आणि त्यासाठीं 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेइतकें सोईचें उदाहरण मराठींत क्वचितच सांपडेल.

झी मराठी वाहिनीवर ही मालिका २०१६ च्या फेब्रुवारींत सुरू झाली व त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत संपली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आकेरी गांवच्या एका जुन्या वाड्यांत तिचें चित्रण झालें. नाईक घराण्याचे कर्ते पुरुष अण्णा हे आरंभींच मरण पावतात. मुलेंबाळें वाड्यांत जमतात. आणि मागें राहिलेल्यांच्या बोलण्यांतून, संशयांतून व भीतींतून हे अण्णा कोण होते तें हळूहळू उघड होत जातें. ज्या पुरुषाभोंवतीं सारी कथा फिरते तो स्वतः कथेंत नाहींच. आहे तो त्याच्या कर्मांचा पसारा. गोष्ट येथेंच थांबली असती तर वादाला कारण उरलें नसतें. परंतु लोकांना अण्णा हवे होते. जानेवारी २०१९ मध्यें दुसरा भाग आला, तो काळाचें चक्र उलटें फिरवून. या भागांत अण्णा जिवंत आहेत, धडधाकट आहेत, गांवावर दरारा बसवून आहेत. माधव अभ्यंकर यांनीं ती भूमिका अशी वठविली कीं भयानें अंग चोरून बसलेला प्रेक्षकहि मध्येंच हंसूं लागे. ऑगस्ट २०२० मध्यें तो भाग संपला, आणि मार्च २०२१ मध्यें तिसरा सुरू झाला. त्यांत अण्णा व त्यांची शेवंता हीं दोघें भुतें होऊन वावरूं लागलीं. एकच मृत मनुष्य एकदां पूर्वकथेच्या दारानें आणि एकदां भूतयोनीच्या दारानें असा दोन वेळां परत आला.

ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत भातसानगर नांवाची वसाहत आहे. भातसा धरणाच्या कामाबरोबर ती वसली. या धरणाचें पाणी मुंबईस जातें. मुंबईच्या पाण्यांतील सर्वांत मोठा वांटा त्याचाच. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसावें लागतें, हा विषय निराळ्या भाषणाचा आहे. अशा वसाहतींत कोणी कोंकणांतून, कोणी देशावरून, कोणी खानदेशांतून नोकरीच्या निमित्तानें आलेला असतो; भोंवतालच्या गांवांत आणि पलीकडे मुरबाडकडे कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती. तेथें एका वेळीं एकच मालिका पाहणारे सारेजण एकच गोष्ट पाहत असतात असें समजूं नये. मालवणी बोल कानीं पडतांच कोंकणच्या माणसाला आपलें अंगण आठवतें. ज्याच्या वडिलांची जमीन धरणाखालीं गेली, त्याचें लक्ष नाईकांच्या वाड्यापेक्षां त्या वाड्याच्या सातबाऱ्याकडे अधिक असतें. आणि बायकांचें लक्ष असतें माईकडे.

माई म्हणजे अण्णांची बायको इंदू. शकुंतला नरे यांनीं ती उभी केली. अण्णांचें शेवंतेकडे जाणें ती जाणते, चार मुलांना पदराखालीं घेते, स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्यें फिरत राहते. वसाहतींतील एखाद्या ओटीवर तिच्याविषयीं काय बोललें जात असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. नोकरींतून निवृत्त झालेले एखादे काका म्हणणार, "अण्णा वाईट असेल, पण माणूस रुबाबदार. त्याच्यावांचून गोष्टींत जीव नाहीं." त्यावर आसनगांवाहून रोज लोकलनें महाविद्यालयांत जाणारी मुलगी म्हणणार, "काका, तुम्हांला अण्णा आवडतो, कारण तो तुमच्या घरांत राहत नाहीं." मग तिचाच रोख माईकडे वळणार: माईनें घर कां सोडलें नाहीं? कथा लिहिणाऱ्यांना दुसऱ्या भागांत एवढी संधि होती, मग त्यांनीं तिला एकदांही ताठ कां उभें केलें नाहीं? आणि तांदूळ निवडीत बसलेली काकी मान वर न करतां विचारणार, "जाणार होती कुठं? माहेरी भावजया, पदरात चार पोरं, अन् जमिनीच्या कागदावर तिचं नाव तरी होतं का?"

या प्रश्नानंतर ओटीवर कांहीं काळ शांतता पसरते, आणि ती साहजिक आहे. वारसाहक्काचा कायदा विधवेला वांटा देतो, परंतु तो नवरा मेल्यावर. जिवंत अण्णांपुढें त्याचा उपयोग काय? काकीचा प्रश्न नाटकाचा नाहीं, तिच्या ओळखीच्या दोनचार घरांचा आहे. म्हणूनच पात्रांच्या नशिबाविषयीं चाललेली भांडणें रिकामटेकडीं ठरवून हंसण्यावारीं नेऊं नयेत. ज्या गोष्टी स्वतःच्या घराविषयीं बोलतां येत नाहींत, त्या माईच्या घराविषयीं मोकळेपणीं बोलतां येतात. आणि सासू समोर बसली असली तरी बोलतां येतात, ही सोय लहान नव्हे.

आतां मुख्य प्रश्न. जुनी गोष्ट पुन्हां सांगणारा तींतील पुरुषाला पहिल्याहून सौम्य कां करतो? पहिल्या भागांत अण्णा दिसत नव्हते, त्यांनीं केलेला अन्याय तेवढा दिसत होता. दुसऱ्या भागांत त्यांना चेहरा मिळाला, आवाज मिळाला, खाण्याच्या आवडीनिवडी मिळाल्या, पांडूसारखा विसराळू गडी मिळाला, आणि शेवंतेपुढें पाघळणारें मन मिळालें. अन्याय होताच, परंतु अन्याय करणाऱ्याचा सहवास रोज रात्रीं घडूं लागला म्हणजे प्रेक्षकाचा राग नरम पडतो. हा आजचा दोष नाहीं. महाभारतांतील दुष्यंताला शकुंतला पुरती आठवत असते. लोकापवादाच्या भीतीनें तो भर सभेंत तिला ओळख देत नाहीं. कालिदासानें तीच कथा पुन्हां हातीं घेतली तेव्हां दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी मध्यें घातली. राजा विसरला, तो शापामुळें. त्याचा दोष नाहीं! नाटक अजोड झालें यांत शंका नाहीं, परंतु हिशेब पाहतां एका पुरुषाची लबाडी त्यांत धुवून निघाली, हेंहि खरें. व्यासांच्या शकुंतलेनें त्या सभेंत राजाला जे खडे बोल ऐकविले त्यांची धार कालिदासाच्या शकुंतलेपाशीं बरीच उणी आहे. पुनरुज्जीवन करणारा आपल्या नायकावर प्रेम करूं लागतो, आणि त्या प्रेमाचें मोल बहुधा नायिकेला द्यावें लागतें.

अण्णांच्या बाबतींत मालिका लिहिणाऱ्यांनीं कोणताहि शाप मध्यें आणला नाहीं, हें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. अण्णांचीं दुष्कृत्यें त्यांनीं लपविलीं नाहींत. तरीहि ज्या पुरुषाचें नांव घेतांना गांवानें थरकांपावें त्याच्या लकबींची नक्कल लोक लग्नसमारंभांत करूं लागले, तेव्हां कोठेंतरी तोल गेला असेंच म्हणावें लागेल. तो लेखकानें घालविला, कीं नटाच्या कौशल्यानें गेला, कीं पाहणाऱ्यांना तसाच हवा होता? काकांना विचाराल तर तिसरें उत्तर ते कबूल करणार नाहींत.

शेवंतेविषयींचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. अपूर्वा नेमळेकर यांनीं दुसऱ्या भागांत ती साकारली आणि घराघरांत दोन तट पडले. वडील बायकांच्या मतें ती माईच्या संसाराची वैरीण. धाकट्यांच्या मतें तीहि अण्णांच्या जाळ्यांत सांपडलेलीच. माईला निदान 'नाईकीण' म्हणून मान होता, हिला तोहि नाहीं. पुष्कळ वेळां असें होतें कीं दोन बायकांपैकीं अपराधी कोण या खलांत रात्र जाते आणि अण्णांचें नांव कोणी घेत नाहीं. हें लक्षांत आणून देणारी एखादी मुलगी त्या ओटीवर असली म्हणजे वाद योग्य जागीं येतो.

कोंकणांतूनहि या मालिकेला विरोध झाला होता. पहिला भाग चालू असतांनाच सिंधुदुर्गांतील कांहीं मंडळींनीं तक्रार केली कीं तींत कोंकण म्हणजे भुताखेतांचा आणि करणीचा मुलूख असें चित्र उभें राहतें. महाराष्ट्रांत २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा झालेला असतां ही तक्रार क्षुल्लक मानतां येत नाहीं. मात्र या मालिकेंतील भुतें केवळ भिववीत नाहींत, तीं जुना हिशेब मागतात. आणि हिशेब मागणारें भूत हें पुष्कळ वेळां ज्याला जिवंतपणीं न्याय मिळाला नाहीं त्याचेंच दुसरें नांव असतें. तक्रार करणाऱ्यांचें त्यानें समाधान होणार नाहीं, आणि होऊंहि नये.

तिसरा भाग चालू असतांना एक नवेंच प्रकरण उपस्थित झालें. अपूर्वा नेमळेकर यांनीं मालिका सोडली व शेवंतेची भूमिका कृतिका तुळसकर यांच्याकडे आली. पात्र तेंच, कथा तीच, चेहरा निराळा. लोक चिडले. वास्तविक शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला यांत चिडण्यासारखें कांहीं वाटूं नये, कारण ठाणें, पालघर व नाशिक या जिल्ह्यांच्या डोंगरपट्टींत, विशेषतः मोखाडा-जव्हारकडे, बोहाडा नांवाचा जो मुखवट्यांचा खेळ होतो, त्यांत चेहरा नटाचा नसतोच. रात्रीं मशालींच्या उजेडांत संबळाच्या ठेक्यावर सोंगें नाचत येतात: प्रथम गणपति, सरस्वती, मग रामायण-महाभारतांतील देव आणि दैत्य. अमुक सोंग अमुक घराण्याचें, असा मान ठिकठिकाणीं पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. बाप थकला म्हणजे मुलगा तोच मुखवटा चढवितो. आंतील माणूस बदलला म्हणून रावण बदलला असें कोणी म्हणत नाहीं. सिंधुदुर्गांतील दशावतारांत संकासुर आज एका गांवीं विष्णूच्या हातून मरतो आणि उद्यां दुसऱ्या गांवीं पुन्हां उभा राहतो. त्याच्या पुनरागमनाचा खुलासा कोणी मागत नाहीं.

तर मग शेवंतेच्याच बाबतींत एवढा क्षोभ कां? कारण असें दिसतें कीं दूरचित्रवाणीनें मुखवटा काढून घेतला आणि नटाच्या चामडीलाच पात्र चिकटविलें. रोज रात्रीं, हातभर अंतरावरून, महिनेच्या महिने एकच चेहरा पाहिल्यावर तो चेहरा हीच ती व्यक्ति होते. चिमणरावाचें उदाहरण घ्यावें. चिं. वि. जोशी यांच्या वाचकांनीं चिमणराव प्रथम आपापल्या मनांतच पाहिला होता. १९४० सालीं 'लग्न पहावं करून' या चित्रपटानें त्याला दामुअण्णा मालवणकरांचा चेहरा दिला. पुढें सत्तरीच्या दशकांत मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. दोन्ही चेहऱ्यांच्या मध्यें एका पिढीचें अंतर होतें, म्हणून दोन्ही नांदले. शेवंतेच्या दोन चेहऱ्यांच्या मध्यें तेवढा काळ गेला नाहीं. प्रेक्षकाला पहिला विसरण्यास अवधि मिळाला नाहीं. नव्या नटीचा यांत यत्किंचितही अपराध नाहीं, हें मात्र कोणी सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

मेलेल्या पात्राला परत आणण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग इंग्रजी वाङ्मयांतला. कॉनन डॉइल यानें १८९३ मध्यें शेरलॉक होम्स याला स्वित्झर्लंडमधील एका धबधब्यांत लोटून आपली सुटका करून घेतली. वाचकांनीं आकाशपाताळ एक केलें. १९०१ मध्यें डॉइल नमला, पण अर्धवट: 'हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी त्यानें होम्सच्या मृत्यूपूर्वींची म्हणून लिहिली. अण्णांच्या दुसऱ्या भागाचीच ही युक्ति! दोन वर्षांनीं त्याला होम्सला खरोखरच जिवंत करावें लागलें. आणि वाचकांनीं काय केलें? त्यांनीं हिशेब मांडला. डॉक्टर वॉटसनला लढाईंतील गोळी पहिल्या कादंबरींत खांद्याला लागली आहे आणि दुसरींत पायाला, हें कसें? एका गोष्टींत त्याची बायको जॉन वॉटसनला जेम्स म्हणून हांक मारते, तें कां? डॉइलला या तपशिलाची फिकीर नव्हती. वाचकांना होती, आणि शंभरावर वर्षें झालीं तरी आहे. कॉर्नवॉलमधील एका नावाड्याचें मत डॉइलनेंच आपल्या आठवणींत नोंदवून ठेवलें आहे: त्या कड्यावरून पडून होम्स मेला नसेलहि, परंतु त्यानंतर तो पूर्वींचा मनुष्य राहिला नाहीं. एवढें नेमकें टीकावाक्य पंडितांना सुचलें नाहीं, तें नावाड्याला सुचलें.

कथा संपली हें ठरविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं आपल्या देशांतहि एक मोठा झगडा होऊन गेला आहे. रामानंद सागर यांची 'रामायण' मालिका जुलै १९८८ मध्यें रामराज्याभिषेकानंतर संपविण्यांत आली. त्यावर जालंधर व उत्तरेकडील इतर ठिकाणच्या वाल्मीकि समाजांतील सफाई कामगारांनीं संप पुकारला. सीतेला आश्रय देणारे, लवकुशांना वाढविणारे वाल्मीकि हे त्यांचे पूजनीय. त्यांचाच भाग वगळून रामायण पुरें होतें कसें, हा त्यांचा प्रश्न होता. कथा पुढें चालू ठेवावी लागली आणि लवकुशांचा भाग स्वतंत्रपणें दाखविला गेला. पात्रासाठीं केर उचलणें थांबविणारे हे प्रेक्षक अडाणी होते असें म्हणण्याचें धाडस कोणी करूं नये. उत्तरकांडावांचून सीतेची बाजू कळत नाहीं, हें त्यांना वाहिनीच्या चालकांपेक्षां अधिक स्पष्ट कळलें होतें.

हीच मालिका २८ मार्च २०२० पासून पुन्हां दाखविण्यांत आली. साथीमुळें लोकल बंद, चित्रणें बंद, अण्णांचा दुसरा भागहि खोळंबलेला. आसनगांवची गाडी धरणारीं माणसें घरीं बसलीं होतीं. अशा दिवसांत घराघरांत सीता वनांत गेली आणि जुनाच वाद नव्यानें पेटला असेल. बाराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं भवभूतीनेंहि तो घातला आहे. वाल्मीकींच्या कथेंत सीता शेवटीं धरणीच्या पोटांत जाते. 'उत्तररामचरितां'त भवभूतीनें ती रामाला परत मिळवून दिली. त्या गोड शेवटासाठीं त्यानें एक मोल आधीं भरून घेतलें, हें विसरूं नये: रामाला त्यानें अंकामागून अंक रडविलें, मूर्च्छित पाडलें, स्वतःच्या तोंडून स्वतःला दोष द्यावयास लावलें. कालिदासाप्रमाणें त्यानें शापाची पळवाट काढली नाहीं. ज्याला नायकावर प्रेमहि करावयाचें आहे आणि नायिकेचा हिशेबहि बुडवावयाचा नाहीं, त्यानें भवभूतीकडे पाहावें.

अण्णा नाईकांना कोणी रडविलें नाहीं. ते तिसऱ्या भागांत भूत होऊन आले तेव्हां भिवविण्यासाठीं आले खरे, परंतु दोन वर्षें ज्यांच्याबरोबर हंसलों त्यांची भीति वाटावी कशी? कॉर्नवॉलच्या नावाड्याचें मत भातसानगरच्या ओटीवरहि कोणीतरी आपल्या शब्दांत उच्चारल्यावांचून राहिलें नसेल. एप्रिल २०२२ मध्यें तिसरा भागहि संपला. चौथा आला तर त्यांत काय असावें, यावर काका आणि ती मुलगी यांचें एकमत होण्याचा संभव नाहीं. काकांना अण्णांची तरुणपणची मर्दुमकी हवी आहे, मुलीला शेवंतेचा न्याय. काकीला विचारलें तर ती तांदळांतला खडा बाजूला टाकून एवढेंच म्हणेल, "इंदूचं लग्न ठरलं त्या दिवसापासून सुरू करा. तिला कुणी विचारलं होतं का, तेवढं आधी दाखवा."